कॉलेजचा नंबर आणि मुलाच्या रोजगाराचा हिशेब

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे घरोघरी एकच चर्चा सुरू होते. मुलाला कोणत्या कॉलेजात घालायचे? पूर्वी हा सवाल मोहल्ल्यातील एखाद्या मास्तरांना विचारला जाई. आता मुलगा मोबाईल पुढे करतो आणि सांगतो, "अब्बा, हे कॉलेज देशात दीडशे ते दोनशेच्या गटात आहे, आपल्या गावचे तर यादीतच नाही." ज्या बापाने आयुष्यभर माल हातात घेऊन पारखला, गिऱ्हाईक चेहऱ्यावरून ओळखले, तो या आकड्यापुढे मात्र गप्प बसतो. मग गावाकडचा प्लॉट विकला जातो, घरातले दागिने गहाण पडतात किंवा दुकानाच्या भांडवलातून आठ-दहा लाख काढले जातात. चार वर्षांनी मुलगा पदवी घेऊन येतो, तेव्हा पगार आणि खर्च यांचा मेळ बसतोच असे नाही.

म्हणून हा प्रश्न व्यापारी बांधवांनी आणि कारागिरांनी भावनेने नव्हे, हिशेबाने पाहिला पाहिजे. कॉलेजच्या नंबरावर माणसाची प्रगती अवलंबून असते काय? थोडक्यात उत्तर असे की नंबराला किंमत आहे, परंतु ती सर्वांना सारखी नाही आणि सर्व धंद्यांत सारखी नाही. ती कोणाला किती, हे समजून घेतले तर पैसा योग्य ठिकाणी लागेल.

नंबर कशावर दिला जातो?

आपल्या देशात केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याने २०१५ साली संस्थांचा क्रम लावण्याची पद्धत सुरू केली. तिला एनआयआरएफ म्हणतात. पहिली यादी २०१६ साली निघाली. इंजिनिअरिंग कॉलेजांना शंभर गुणांपैकी गुण दिले जातात, ते असे: शिक्षक, अध्यापन व साधनसामग्री यांना ३०, संशोधनाला ३०, विद्यार्थ्यांचे निकाल व त्यांची पुढील वाटचाल यांना २०, मुली, परराज्यातील व दुर्बल घटकांतील विद्यार्थी यांच्या समावेशासाठी १० आणि लोकमतातील नावलौकिकाला १०.

आता याचा अर्थ पाहा. शंभरातील ३० गुण प्राध्यापकांनी किती शोधनिबंध लिहिले, किती पेटंट घेतली यांवर आहेत. देशासाठी ते महत्त्वाचे आहे यात शंका नाही. पण ज्याला चार वर्षांत मशीन डिझाईन शिकून नोकरीला लागायचे आहे, त्याला त्याचा थेट लाभ किती? नोकरी, पगार व उच्च शिक्षण यांचा विचार ज्या भागात होतो त्याला २० गुण आहेत आणि त्यातही परीक्षेचे निकाल व पीएच.डी. झालेल्यांची संख्या यांचा वाटा असतो. म्हणजे बाप ज्या गोष्टीसाठी नंबर बघतो, ती गोष्ट त्या नंबरात थोडीच आहे.

दुसरी बाब. देशात ४५ हजारांहून अधिक कॉलेजे आहेत. यादीत त्यांपैकी काहीशेच येतात. यादीत येण्यासाठी संस्थेला स्वतः माहिती भरून द्यावी लागते. त्यामुळे यादीत नाही म्हणजे कॉलेज टाकाऊ, असा अर्थ निघत नाही. आयटीआय आणि पॉलिटेक्निक यांची तर २०२५ पर्यंतच्या याद्यांत वेगळी क्रमवारीच नव्हती. मात्र आपल्या समाजातील कितीतरी हुनरमंद मुले याच वाटेने पुढे गेली आहेत.

तिसरी बाब. यादीच्या अगदी वरच्या टोकाला गुणांत मोठे अंतर असते. खाली उतरल्यावर गुण एकमेकांना चिकटून येतात. साठावे आणि ऐंशीवे कॉलेज यांत दोन-तीन गुणांचाच फरक असू शकतो. तराजूचा काटा इतका हलला तर आपण त्याला फरक म्हणत नाही. येथे मात्र त्यावर लाखो रुपये मोजले जातात.

वजन कोणाच्या काट्यावर?

क्रमवारीची बरीचशी माहिती संस्थाच देत असतात. ज्याचा माल त्याचाच काटा, असा हा प्रकार आहे. तपासणी होते, परंतु ती प्रत्येक वेळी पुरी पडतेच असे नाही. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठ एका प्रसिद्ध यादीत दुसऱ्या क्रमांकावर होते. २०२२ साली त्याच विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी विद्यापीठाने दिलेले आकडे तपासले आणि ते जुळत नसल्याचे दाखवून दिले. त्याच वर्षीच्या पुढील यादीत कोलंबिया अठरावे आले. शिक्षक तेच होते, वर्ग तेच होते, ग्रंथालय तेच होते. बदलला तो फक्त आकडा. पहिल्या आकड्यावर भरवसा ठेवून ज्यांनी फी भरली असेल, त्यांनी काय समजावे?

आपल्याकडेही कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅक संस्थेच्या पाहणी समितीतील काही सदस्यांना फेब्रुवारी २०२५ मध्ये लाचेच्या आरोपावरून सीबीआयने अटक केली. यावरून सर्व श्रेणी खोट्या आहेत असे म्हणणे चुकीचे ठरेल. पण शिक्का बघून माल घेऊ नये, शिक्का बघून मालही बघावा, एवढा बोध व्यापाऱ्याने नक्कीच घ्यावा.

कमाईत फरक पडतो काय?

या प्रश्नावर अमेरिकेतील स्टेसी डेल आणि अॅलन क्रुगर या दोन अर्थतज्ज्ञांनी केलेला अभ्यास महत्त्वाचा आहे. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. नामांकित कॉलेजातील मुले अधिक कमावतात हे उघड होते. पण ती मुले मुळातच हुशार आणि मेहनती असतात. मग कमाई कॉलेजमुळे की मुलामुळे? हे पाहण्यासाठी त्यांनी अशा मुलांची तुलना केली ज्यांना सारख्याच दर्जाच्या कॉलेजांत प्रवेश मिळत होता, परंतु काहींनी नामांकित कॉलेज घेतले आणि काहींनी साधे. पुढे दोघांची कमाई जवळजवळ सारखीच निघाली. म्हणजे जो नामांकित कॉलेजात जाण्याइतका लायक होता, तो साध्या कॉलेजातूनही तितकाच पुढे गेला.

पण या अभ्यासाचा दुसरा भाग आपल्यासाठी अधिक महत्त्वाचा आहे. गरीब घरच्या मुलांना नामांकित कॉलेजाचा लाभ झालेला दिसला. २०११ साली त्याच दोघांनी पुन्हा अभ्यास केला, तेव्हा काळ्या आणि लॅटिन वंशाच्या मुलांत, तसेच ज्यांचे आईबाप फारसे शिकलेले नव्हते अशा मुलांत हा लाभ दिसला. याचे कारण समजण्यासारखे आहे. डॉक्टर-वकिलाच्या मुलाला ओळखीपाळखी घरातच मिळतात. कोणती परीक्षा द्यावी, कोणाला अर्ज करावा, मुलाखतीत काय बोलावे हे त्याला जेवता जेवता कळते. यंत्रमाग कामगाराच्या किंवा बेकरीवाल्याच्या मुलाला हे सांगणारे घरात कोणी नसते. ते त्याला कॉलेजातूनच मिळवावे लागते. म्हणून "कॉलेज कोणतेही असो, मुलगा हुशार पाहिजे" हे वाक्य ज्याच्या घरी दारे उघडी आहेत त्याला शोभते. ज्याच्या घरची ही पहिली पदवी आहे, त्याने कॉलेज विचारपूर्वकच निवडले पाहिजे.

भारतातील मुलांसंबंधी शीतल सेखरी यांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. नामांकित सरकारी कॉलेजात अगदी काठावर प्रवेश मिळालेले आणि काठावर हुकलेले अशा विद्यार्थ्यांची त्यांनी तुलना केली. अंतिम परीक्षेतील गुणांत फारसा फरक आढळला नाही, पण नामांकित कॉलेजवाल्यांना पगार अधिक मिळाला. याचा अर्थ असा की ज्ञान जवळपास सारखे असूनही मालकाने नावाला पैसे दिले. ब्रँडच्या कापडाला जसा जास्त भाव मिळतो, तसाच हा प्रकार आहे.

आणि अगदी शिखरावरच्या संस्थांचे काय? राज चेट्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ साली अमेरिकेतील बारा अत्यंत नामांकित विद्यापीठांचा अभ्यास मांडला. तेथे शिकल्याने सरासरी कमाईत मोठा फरक पडत नाही, परंतु सर्वांत वरच्या एक टक्का श्रीमंतांत जाण्याची आणि मोठ्या कंपन्यांत शिरण्याची शक्यता बरीच वाढते, असे त्यांना आढळले. म्हणजे शिखरावरच्या नावाला खरोखरच वजन आहे. पण हे वजन मूठभर संस्थांचे आहे. एकशे दहावे आणि एकशे ऐंशीवे कॉलेज यांतील फरकाला ते लागू करणे ही फसगत ठरेल.

कोणत्या कामात नाव विचारले जाते?

मुलाला पुढे काय करायचे आहे, यावर नंबराची किंमत ठरते. काही ठळक उदाहरणे पाहू.

मोठ्या कंपनीत थेट कॉलेजातून नोकरी हवी असेल, तर नावाला किंमत आहे. अशा कंपन्या ठराविकच कॉलेजांत जाऊन निवड करतात. तेथे नसलेल्या मुलाचा अर्जसुद्धा कदाचित वाचला जात नाही. एमबीएच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. आयआयएमसारख्या संस्थेचे नाव बाजारात चालते. गल्लीबोळातील एमबीएला मात्र त्याच्या फीइतकाही भाव येत नाही.

एमपीएससी, यूपीएससीसारख्या परीक्षा द्यायच्या असतील, तर मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी पुरते. कॉलेजचा क्रमांक अर्जावर कोणी विचारत नाही.

चार्टर्ड अकाउंटंट व्हायचे असेल, तर कॉलेजचा नंबर जवळजवळ गैरलागू आहे. परीक्षा सर्वांना एकच असते. २०२३ पासूनच्या नव्या पद्धतीत दोन वर्षांची आर्टिकलशिप करावी लागते. ती कोणत्या सीएकडे केली आणि तेथे काय काम हाताळले, याला महत्त्व आहे. व्यापाऱ्याच्या मुलाला जमाखर्चाची घरीच सवय असते. हा मार्ग त्याच्यासाठी कमी खर्चाचा आहे.

घरचाच धंदा पुढे न्यायचा असेल, तर गिऱ्हाईक पदवीचे नाव विचारत नाही. तेथे विषय महत्त्वाचा आहे. यंत्रमागवाल्याच्या मुलाने टेक्स्टाईलचा, गॅरेजवाल्याच्या मुलाने ऑटोमोबाईल किंवा इलेक्ट्रिक वाहनांचा, फळव्यापाऱ्याच्या मुलाने अन्नप्रक्रियेचा अभ्यासक्रम साध्या पण चांगली प्रयोगशाळा असलेल्या संस्थेत केला, तर त्याचा उपयोग दुसऱ्या दिवसापासून होईल. वरच्या नंबरासाठी नको असलेली शाखा घेणे म्हणजे दुकान मोक्याचे मिळाले म्हणून न खपणारा माल भरणे होय.

शिडीचा मार्गही लक्षात ठेवावा. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून चांगल्या गुणांवर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. लहान शाळेतून आलेला, इंग्रजीला बिचकणारा मुलगा तीन वर्षांत स्थिरावतो, हाताने काम शिकतो आणि पुष्कळदा बारावीनंतर मिळाले असते त्याहून चांगले कॉलेज गाठतो. अंजुमन-ए-इस्लामच्या भायखळ्याच्या साबू सिद्दीक संकुलात डिप्लोमा आणि पदवी हे दोन्ही अभ्यासक्रम चालत आले आहेत.

कर्ज आणि फी

एका ठिकाणी मात्र क्रमवारीचा संबंध थेट खिशाशी येतो. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. एनआयआरएफच्या वरच्या क्रमांकांतील आणि काही सरकारी संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला तारण व जामीनदाराशिवाय शैक्षणिक कर्ज देण्याची ही योजना आहे. सुरुवातीला अशा संस्था ८६० होत्या. कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत असेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षण चालू असताना व त्यानंतरच्या सवलतीच्या काळात ३ टक्के व्याज सरकार सोसते. ज्याच्याकडे तारण ठेवायला घर किंवा जमीन नाही, त्याला ही मोठी सोय आहे. प्रवेश घेण्यापूर्वी संस्था या यादीत आहे की नाही, हे अवश्य पाहावे.

ही सवलत असली तरी कर्ज व्याजीच राहते, हे उघड आहे. जी कुटुंबे व्याजाचा व्यवहार टाळतात, त्यांच्यासाठी कमी फीच्या सरकारी किंवा अनुदानित कॉलेजाची किंमत नंबराहून कितीतरी अधिक आहे. मुलींच्या बाबतीत महाराष्ट्रात २०२४ पासून आणखी एक सवलत आहे. ओबीसी, एसईबीसी व आर्थिक दुर्बल गटातील, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफ आहे. बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन अशा आपल्या कितीतरी बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. परंतु त्यासाठी प्रवेश सरकारी केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली की ही माफी गेली. जातीचे व उत्पन्नाचे दाखले वेळेवर न काढल्यामुळे हक्काचे पैसे बुडतात, याकडेही लक्ष द्यावे.

पगाराचा आकडा कसा वाचावा?

कॉलेजच्या जाहिरातीत "२४ लाखांचे पॅकेज" असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. तो एका मुलाचा पगार असतो. समजा पाच मुलांना वर्षाला २ लाख, अडीच लाख, ३ लाख, साडेतीन लाख आणि २४ लाख मिळाले. सरासरी काढली तर ती ७ लाख येते. पण पाचांपैकी चौघे साडेतीन लाखांत किंवा त्याहून कमीत आहेत. पगार चढत्या क्रमाने लावून मधला घेतला तर तो ३ लाख आहे. याला मध्यक म्हणतात. आपल्या मुलाला काय मिळेल, याचा अंदाज या मधल्या आकड्यावरून येतो.

एनआयआरएफमध्ये भाग घेणाऱ्या संस्थांनी आपला मध्यक पगार, किती मुले उत्तीर्ण झाली, किती नोकरीला लागली व किती पुढे शिकायला गेली हे आकडे द्यावे लागतात आणि ते इंटरनेटवर कोणालाही पाहता येतात. नंबरापेक्षा हा कागद अधिक उपयोगाचा आहे. मात्र मध्यक हा नोकरी लागलेल्यांचाच असतो. साठांपैकी वीसच लागले असतील, तर उरलेल्या चाळिसांचा त्यात हिशेब नाही. म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचावेत.

आता दुकानदाराचा हिशेब करू. समजा गावच्या कॉलेजात चार वर्षांचा सर्व खर्च ४ लाख आहे आणि दूरच्या, यादीत नाव असलेल्या खाजगी कॉलेजात राहण्या-जेवणासह १४ लाख आहे. जास्तीचे १० लाख. गावच्या कॉलेजचा मधला पगार ३ लाख आणि दूरच्याचा ३ लाख ६० हजार असेल, तर वर्षाला ६० हजार जास्त मिळतात. हे १० लाख फिटायला साडेसोळा वर्षांहून अधिक काळ जाईल. दूरच्या कॉलेजाचा मधला पगार ८ लाख असेल, तर तेच १० लाख दोन वर्षांत वसूल होतील. पहिला सौदा तोट्याचा आणि दुसरा नफ्याचा, हे सांगायला पदवी लागत नाही. फक्त आकडे विचारण्याचे धाडस लागते.

मोठ्यांची उदाहरणे

अशा चर्चेत नेहमी थोरामोठ्यांची नावे घेतली जातात. तीही नीट पाहावीत. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे वडील रामेश्वरमला नाव चालवणारे. मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्रवेशासाठी पैसे नव्हते, तेव्हा त्यांच्या बहिणीने, जोहरा यांनी, आपल्या सोन्याच्या बांगड्या व साखळी गहाण टाकली. ती संस्था तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षांची होती. कलाम यांना विमानविद्या शिकायची होती आणि ती तेथे शिकवली जात होती. दागिने गहाण पडले ते विषयासाठी.

अझीम प्रेमजी अमेरिकेतील स्टॅनफर्डसारख्या नामांकित विद्यापीठात शिकत होते. १९६६ साली वडील वारल्यामुळे त्यांना शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. जळगाव जिल्ह्यातील अमळनेरला कारखाना असलेली वनस्पती तुपाची कंपनी त्यांनी हाती घेतली. तीच पुढे विप्रो झाली. पदवी त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळाने पूर्ण केली. सिप्लाचे डॉ. युसूफ हमीद यांनी केंब्रिजला रसायनशास्त्रात पीएच.डी. केली आणि ते ज्ञान स्वस्त औषधे बनवण्यास लावले. येथे नामांकित विद्यापीठ खरोखर कामी आले, कारण शिक्षण आणि धंदा एकाच वाटेवर होते.

परंतु अशा उदाहरणांवर फार विसंबू नये. प्रेमजींच्या मागे वडिलांची कंपनी होती, हमीद यांच्या वडिलांनी १९३५ साली सिप्ला उभी केली होती. शिवाय जी दुकाने चालली त्यांचीच गोष्ट सांगितली जाते. बंद पडलेल्यांची कोणी सांगत नाही.

प्रवेशापूर्वी विचारा

तेव्हा फी भरण्यापूर्वी बापाने मुलाला घेऊन कॉलेजात एक फेरी मारावी आणि साधे प्रश्न विचारावेत. या शाखेत गेल्या वर्षी किती मुले उत्तीर्ण झाली आणि किती नोकरीला लागली? मधला पगार किती? शिक्षक कायम आहेत की तासावर? प्रयोगशाळेतील यंत्रे चालू आहेत की झाकून ठेवली आहेत? मागच्या तीन वर्षांतील आपल्या ओळखीची दोन-तीन मुले सध्या काय करतात? चार वर्षांचा एकूण खर्च किती आणि तो कोणत्या पैशातून जाणार? शेवटचा प्रश्न मुलालाच विचारावा: शिकून तुला काय करायचे आहे?

कॉलेजचा नंबर हा कॉलेजला मिळालेला असतो, मुलाला नव्हे. घरात मार्ग दाखवणारे कोणी नसेल, तर चांगल्या कॉलेजासाठी थोडा जास्त पैसा लावणे योग्य आहे, पण ते कॉलेज खरोखर दार उघडत असेल तरच. मोठी संस्था गुणवत्तेवर आणि परवडणाऱ्या फीत मिळत असेल, तर घराजवळ राहावे म्हणून ती सोडू नये. आणि केवळ यादीतील आकड्यासाठी चालत्या दुकानाचे भांडवल काढू नये. धाकट्या भावंडांची तालीमही त्याच गल्ल्यातून व्हायची असते.